चुकायला एक बाक हवं!

आपल्या हॉस्टेलमध्ये ‘बेंच’ या शब्दाचे तीन अर्थ चालतात. पहिला म्हणजे वर्गातला शेवटचा बेंच. त्याबद्दल आमच्यापैकी कुणाला काही शिकवायची गरज नाही! दुसरा आयटी कंपनीतला बेंच, म्हणजे नोकरी आहे पण काम नाही अशी अवस्था. प्लेसमेंट झालेले सीनियर्स त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतात. तिसरा अर्थ मात्र फर्स्ट इयर संपलं की कुणाच्याच तोंडी येत नाही. तो म्हणजे वर्कशॉपमधला बेंच, ज्यावर लाकूड पक्कं धरून रंधा मारायचा, करवत चालवायची, पटाशीने खाच पाडायची. मराठीत साधा शब्द आहे, बाक. हा लेख त्या तिसऱ्या बेंचबद्दल आहे.

‘मेकॅनिकलच्या मुलीने सुतारकामावर लेख लिहावा इतके वाईट दिवस आले का?’ असं म्हणून पान उलटू नका. कॉम्प्युटरवाल्यांनी तर मुळीच उलटू नका, कारण शेवटी गोष्ट तुमच्यापर्यंत येणार आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने चार-पाच जणांच्या गटात मिळून, खरोखर वापरात येईल असं एक बाक तयार करावं, आणि त्याचे मार्क ते किती गुळगुळीत झालं यावर न देता, करताना काय काय चुकलं आणि ते कसं निस्तरलं यावर द्यावेत. आता सविस्तर.

आपल्याकडे सध्या काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कार्पेंटरी शॉपमध्ये प्रत्येकाला लाकडाचे दोन तुकडे मिळतात. त्यांचा हाफ लॅप जॉइंट करायचा, किंवा मॉर्टिस-टेनन, किंवा नशीब खोटं असेल तर डव्हटेल. जॉइंटमध्ये फट दिसली की मार्क गेले. फट दिसली नाही की मार्क आले. जॉब जमा झाला की तो कपाटात जातो आणि पुढे त्याचं काय होतं हे देव जाणे. कधी कधी तोच जॉब पुढच्या वर्षी पॉलिश पेपर मारून, नवीन रोल नंबर लावून पुन्हा कपाटात जातो, हे देवाला आणि हॉस्टेलला दोघांनाही ठाऊक आहे. काही कॉलेजांत तर तयार जॉब ‘मिळतात’ असं ऐकलं आहे. ड्रॉइंगच्या शीटचं तेच. काचेखाली बल्ब लावून जीटी मारायची कला आपल्याकडे इतकी पुढे गेली आहे, की तिला वेगळा सब्जेक्ट कोड द्यायला हरकत नाही. जर्नलबद्दल तर बोलायलाच नको.

यावर स्टाफचं नेहमीचं मत असं, की आजची मुलं आळशी आहेत. मला ते पटत नाही. ग्लास ट्रेसिंग करायला रात्रभर जागावं लागतं. आळशी माणसाचं ते काम नव्हे. खरं कारण साधं आहे. ज्या कामात चुकीला एकही मार्क नसतो, तिथे माणूस चूक लपवतो. चूक लपवायचा सगळ्यात सुरक्षित मार्ग कोणता? काम स्वतः न करणं! दुसऱ्याचं तपासून झालेलं, बरोबर ठरलेलं काम उतरवून घेतलं की विषय संपला. म्हणजे कॉपी हा आळस नाही, ती आपल्या मार्किंग स्कीमची मुलगी आहे.

मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडे चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून शाईचं पेन. नीटनेटकेपणाचे वेगळे मार्क असायचे. खाडाखोड केली की ते जायचे, आणि स्पेलिंग चुकलं की तेच दहा वेळा लिहायचं. त्यामुळे अक्षर सुंदर झालं हे खरं. पण बारा वर्षांत एकदाही कुणी असं विचारलं नाही, की ‘बाळ, तू इथे चुकलीस, मग तुझ्या डोक्यात काय आलं होतं?’ वहीत फक्त बरोबर उत्तर राहायचं. चुकीची जागा रबराच्या भुग्यात. मराठी माध्यमातल्या मित्रांनी मनात हसू नये, कारण त्यांच्याकडेही फार वेगळं नव्हतं असं त्यांच्याकडूनच कळतं. अशा शाळांतून आलेली साठ मुलं एका वर्कशॉपमध्ये उभी केली आणि त्यांना फटीवर मार्क दिले, की जे व्हायचं तेच होतं.

लाकडाबरोबर काम करताना मात्र रबर चालत नाही, हे मी गेल्या हिवाळ्यात एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात पाहिलं. शिबिर वेल्हे तालुक्यात होतं (सरकारने तालुक्याला आता राजगड नाव दिलंय, पण गावात अजून सगळे वेल्हेच म्हणतात). चेलाडी फाट्यावरून आत वळलं, नसरापूर मागे पडलं, की थोड्या वेळाने समोर तोरणा दिसायला लागतो. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला मुलांच्या हस्तकामासाठी एक भक्कम टेबल हवं होतं. गुरुजींनी विचारलं आणि आमच्या पाच जणांच्या गटाने उत्साहात हो म्हटलं. इंजिनीअरिंगची पोरं, एक टेबल म्हणजे काय मोठं! गावातले साठी उलटलेले एक सुतारकाका मदतीला होते. नोंदवही माझ्याकडे होती, म्हणून पुढचा तपशील सांगू शकते.

पहिली गोष्ट लाकडाची. एका वखारीतून आंब्याच्या दोन फळ्या आणल्या. फळी ओली होती. काकांनी बोटाच्या पेराने टकटक करून तेवढं सांगितलं आणि गप्प बसले. आमच्या एका मित्राने ती ‘लवकर वाळावी’ म्हणून दिवसभर उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकांना चिरा! कारण आता पुस्तकातून सांगता येतं. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बारीक नळ्यांचा जुडगा. पाणी नळीच्या लांबीने भराभर जातं, आडवं जायला वेळ लागतो. म्हणून फळीची टोकं आधी वाळतात आणि आकसतात, मधला भाग ओलाच राहतो. त्या ओढाताणीत टोक फाटतं. जाणते सुतार त्यासाठी टोकांना शेण, डांबर किंवा रंग लावतात, आणि फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवतात. टोकं कापून टाकल्यावर पाच फुटांची फळी चार फुटांची राहिली. बाकाची लांबी चार फूट का, तर त्यामुळे! बाकाच्या पायांसाठी मग काकांनी पाडलेल्या जुन्या घराचे सागवानी वासे शोधून दिले. जे लाकूड छपराखाली वर्षानुवर्षं वाळलंय, ते आता कशाला फाटतंय?

दुसरी गोष्ट सांध्यांची, आणि ही सगळ्या मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचावी. थिअरी ऑफ मशीन्समध्ये वर्गात सगळ्यात जास्त मार्क असलेला आमचा एक मित्र. त्याने पाय आणि आडव्या पट्ट्या मोठ्या खिळ्यांनी ठोकून चौकट उभी केली. वरून दोन माणसं बसली तरी काही होत नव्हतं. सगळे खूश! मग काकांनी त्यावर एक फळी ठेवून रंध्याचे चार हात मारले, आणि चौकट बोटीसारखी डुलायला लागली. टेबलावर वजन खाली येतं, पण रंध्याचा जोर आडवा जातो. एका खिळ्याभोवती लाकूड थोडं फिरू शकतं, म्हणजे तो जवळजवळ पिन जॉइंटच. चार दांडे, चार पिना. घाला ग्रुब्लरच्या सूत्रात: ३ × (४ − १) − २ × ४ = १. एक डिग्री ऑफ फ्रीडम! पेपरात हेच गणित त्याने पाच मिनिटांत सोडवलं होतं. वेल्ह्यात त्याने स्वतःच्या हाताने फोर बार मेकॅनिझम बांधलं आणि त्याला टेबल म्हटलं. चौकट सोडवून मग मॉर्टिस-टेनन केले. पट्टी रुंद घेतली, तिचे खांदे पायाला घट्ट टेकवले आणि पाचर मारली. सांधा फिरायचा थांबला. त्या क्षणी आमच्या सगळ्यांच्या डोक्यात कॉलेजातला तो कपाटातला जॉब आला. मॉर्टिस-टेनन कशासाठी असतो हे कळायला आम्हाला तिसरं वर्ष आणि तोरण्याचा पायथा लागला.

तिसरी गोष्ट उंचीची. ड्रॉइंग इंटरनेटवरून घेतलं होतं. उंची ३६ इंच. पाय बरोबर ३६ इंचांचे कापले गेले, एकही मिलिमीटर इकडे तिकडे नाही. मग सातवीतली एक मुलगी समोर उभी राहिली आणि बाक तिच्या छातीला लागलं. मापात शून्य चूक, आणि तरी बाक चुकलेलं! हाताने रंधा मारायचा तर अंगाचं वजन वरून पडायला हवं; हात सरळ खाली सोडला की मूठ जिथे येते, साधारण तिथे बाकाचा वरचा पृष्ठभाग हवा. काकांनी तिच्या मुठीजवळ काठी धरून खूण केली आणि पाय २७ इंचांवर आले. नशीब, पाय मोठे होते. छोटे असते तर? कापलेलं लाकूड वाढत नाही. (जाता जाता वर्कशॉपच्या सरांना एक नम्र प्रश्न: आपले बेंच कुणाच्या उंचीचे आहेत? पाच फुटांच्या मुलींच्या तर नक्कीच नाहीत.)

चौथी गोष्ट चुकायच्या आधीच वाचली, आणि ती वाचली कारण तोपर्यंत आमचा गट विचारायला शिकला होता. वरच्या दोन फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवणार, तेवढ्यात एकीने विचारलं, फट ठेवायची का? काका पहिल्यांदा हसले. वेल्ह्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको. तिथे चार महिने हवेत पाणीच असतं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. वाढीच्या वर्तुळांना काटकोनात जितकं, त्याच्या साधारण दुप्पट वर्तुळांच्या दिशेने. नऊ इंचांची फळी डिसेंबर ते जुलै दोन-तीन मिलिमीटर सहज फुगू शकते. जागा नसेल तर ती फळीला बाक आणते, नाहीतर सांधा तोडते. म्हणून मध्ये फट. कॉलेजात ज्या फटीला मार्क कापतात, तीच फट वेल्ह्यात योग्य जागी ठेवणं म्हणजे शहाणपण!

आता या चारही गोष्टींकडे नीट पाहा. यातली एकही आपल्या सिलॅबसच्या बाहेरची नाही. मॉइश्चर, अॅनआयसोट्रॉपी, मेकॅनिझम, अर्गोनॉमिक्स, अलाउन्स. सगळे शब्द आपण लिहिलेले आहेत, काहींनी तर दहा-दहा मार्कांना. पण शब्द माहीत असणं आणि ती गोष्ट अंगावर येणं यात वेल्हे ते पुणे इतकं अंतर आहे. हे अंतर चूक झाल्याशिवाय कापलं जात नाही. आणि चूकही नुसती होऊन चालत नाही. ती अशा वस्तूत व्हावी लागते, की जिची कुणीतरी वाट पाहत आहे. कपाटात जाणाऱ्या जॉबमध्ये फट पडली तर फक्त मार्क जातात. शाळेच्या बाकात चूक झाली तर उद्या सकाळी मुलं येणार आहेत, ती सुधारावीच लागते.

सुतारकाकांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. गंमत म्हणजे त्यांनी स्वतः आयुष्यात बाक वापरलेलं नाही! ते जमिनीवर बसतात, लाकूड पायाच्या अंगठ्यात आणि तळव्यात धरतात, आणि वाकस किंवा पटाशी चालवतात. आपल्याकडचा परंपरेचा सुतार असाच काम करत आला. बाकाची कल्पना बाहेरून, कारखान्यांतून आणि टेक्निकल शाळांतून आली. तेव्हा ‘बाक म्हणजेच खरं सुतारकाम’ असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण पायात लाकूड धरायला लहानपणापासूनचा सराव लागतो. आमच्यासारख्या नवशिक्यांना दोन्ही हात मोकळे ठेवून, बोटं शाबूत राखून शिकायचं तर बाकच बरं. शिवाय ते नवशिक्याचं पहिलं हत्यार आहे. पुढच्या सगळ्या वस्तू त्यावरच करायच्या असतात. ते थोडं वेडंवाकडं झालं तरी कुणाचं नुकसान नाही, आणि त्याचा दोष रोज समोर दिसत राहतो.

भोर आणि वेल्ह्याच्या गावांत सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीचं चाक, दाराची चौकट हे सगळं त्याच्याकडून व्हायचं आणि सुगीला धान्याच्या रूपात त्याचा वाटा त्याला मिळायचा. भोरचा राजवाडा आपण बहुतेकांनी सिनेमातच पाहिलाय. प्रत्यक्ष गेलात तर हिरोच्या आधी लाकडी खांब आणि त्यांवरची नक्षी बघा. ती कुणाच्या तरी हातांनी केली आहे आणि त्या हातांचं नाव कुठे लिहिलेलं नाही. आज नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, खुर्ची प्लॅस्टिकची झाली, दार कारखान्यातून येतं, आणि सुतारांची पुढची पिढी शिरवळच्या किंवा पुण्याच्या कंपनीत शिफ्टला जाते. त्यात वाईट काही नाही. महिन्याचा पगार हा वाट्याच्या धान्यापेक्षा आणि गावकीच्या मर्जीपेक्षा कधीही बरा. पण लाकूड टकटक करून ओलं की वाळलेलं हे ओळखणारा कान त्यांच्याबरोबर संपणार आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचं कर्ज अशी तिची रचना आहे. चांगलंच आहे. म्हणजे सुताराला शिकवायला सरकार पैसे देतं. पण सुताराकडून शिकायला पैसे कोण देणार? हा प्रश्न मला आपल्या कॉलेजला विचारायचा आहे.

यात मी काही नवीन शोध लावला असं नाही. पुण्याचं सीओईपी १८५४ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’. म्हणजे वर्ग आणि कारखाना एकाच पाटीवर! बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी तो घ्यायलाच तयार नव्हते. चांगलं मशीन करणं आणि लोकांच्या उपयोगाचं मशीन करणं यातला फरक त्यांना परीक्षेत नाही, शेताच्या बांधावर कळला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताच्या कामातून गणित, विज्ञान, भाषा सगळं शिकवायचं असा तो विचार. तो देशभर टिकला नाही, त्याची कारणं वेगळी.

पण आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, तो वेगळ्या रूपात आजही चालू आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर होते. ते सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शाळेत नापास झालेली मुलंही वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, पशुपालन प्रत्यक्ष कामातून शिकतात आणि गावकऱ्यांना खरोखर लागणाऱ्या गोष्टी करून देतात. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब उभी राहिली. जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, पण आश्रम चालू आहे. जी मुलं शाळेने ‘चुकलेली’ म्हणून बाजूला काढली, ती तिथे चुकत चुकत शिकली. आणि आपण, ज्यांना सीईटीत बरोबर उत्तरांचे पर्सेंटाइल मिळाले, ते मात्र पटाशी उलटी धरतो!

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा ‘दप्तराविना’ दिवस सांगितले आहेत. त्यात त्यांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन शिकावं असं लिहिलंय. म्हणजे वेल्ह्यातल्या सातवीच्या मुलीला सुताराकडे शिकायचा हक्क कागदावर तरी आहे. इंजिनीअर होणाऱ्यांना का नसावा?

आता आक्षेप. पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘सीएनसी आणि थ्रीडी प्रिंटिंगच्या जमान्यात हाताने रंधा मारून काय मिळणार?’ मान्य, नोकरीत कुणी रंधा मारायला सांगणार नाही. पण मशीन चूक लपवतं. ते बिनबोभाट चुकीच्या उंचीचं टेबल अचूक कापून देईल, ३६ इंच म्हणजे ३६ इंच! उंची कुणासाठी, हे विचारायची सवय मशीन लावत नाही. शिवाय हातात लाकूड असताना ते बोलतं. रेघेच्या उलट दिशेला रंधा नेला की लाकूड लगेच उचकटतं, सबमिशनच्या तारखेपर्यंत थांबत नाही.

दुसरा आक्षेप कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांचा: ‘आमचा काय संबंध?’ मित्रांनो, डीबगिंग म्हणजे दुसरं काय असतं? फरक एवढाच, की तुमच्याकडे अनडू आहे. अनडू नसलेल्या जगात एकदा काम केलं, की कोड लिहिण्याआधी वापरणाऱ्याला दोन प्रश्न विचारायची बुद्धी होते. ज्या सॉफ्टवेअरवर आपण फी भरतो आणि हॉल तिकीट काढतो, ते करणाऱ्यांनी एकदा तरी कुणाच्या मुठीची उंची मोजली असती तर बरं झालं असतं. असो.

तिसरा आक्षेप खर्चाचा. हिशोब मांडते. चार फूट बाय दीड फूट, दोन इंच जाड असा वरचा भाग म्हणजे १ घनफूट. तीन इंची चौरस, २७ इंच उंच असे चार पाय म्हणजे साधारण अर्धा घनफूट. वर-खाली मिळून आडव्या पट्ट्या साधारण पाऊण घनफूट. तूट धरून तीन घनफूट लाकूड. पाच जणांना एक बाक, तर साठच्या बॅचला बारा बाकं, म्हणजे ३६ घनफूट. सागाचा हट्ट नको. आंबा चालेल, पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड तर उत्तम आणि वाळलेलंही. आज प्रत्येकाला जे दोन तुकडे मिळतात आणि शेवटी भंगारात जातात, त्यापेक्षा लाकूड जास्त लागेल हे मी नाकारत नाही. पण ते बारा शाळांत उभं राहील.

चौथा आक्षेप बोटांचा. सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. पण पक्कं धरलेलं लाकूड आणि धारदार पटाशी यांच्यापेक्षा हातात धरलेलं लाकूड आणि बोथट पटाशी जास्त धोक्याची असते. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि ते घसरतं. म्हणजे पहिला तास धार लावायचा ठेवावा लागेल, जो आज आपल्याकडे होतच नाही.

तेव्हा प्राचार्य, वर्कशॉपचे सर, आणि ज्यांच्या किल्लीशिवाय शॉप उघडत नाही ते मामा, या सगळ्यांना माझं एवढंच मागणं आहे. एका वर्षासाठी, एका बॅचवर करून बघा. एक: सुटे जॉइंट बंद, गटाला एक बाक. दोन: बाक कुणासाठी करायचं ती शाळा आधी ठरवा, भोर किंवा वेल्ह्यातली, आणि माप घ्यायला गटाने तिथे जावं; एनएसएसची गाडी तशीही जाते. तीन: त्या भागातल्या एखाद्या अनुभवी सुताराला आठवड्यातून एक दिवस व्हिजिटिंग फॅकल्टी म्हणून बोलवा आणि मानधन तेवढंच द्या, जेवढं इंडस्ट्रीतून येणाऱ्या साहेबांना देता. चार: जर्नलमध्ये प्रोसिजर छापायची नाही. त्याऐवजी प्रत्येक गटाने निदान तीन चुका लिहायच्या: काय ठरवलं होतं, काय झालं, का झालं, कसं सुधारलं. अर्धे मार्क त्याला. ही चुकांची जर्नल उतरवून बघा! दुसऱ्या गटाच्या फळीला पडलेली चीर आपल्या बाकात कुठून आणणार? व्हायव्हात पहिल्याच प्रश्नाला पितळ उघडं पडेल.

आणि आपल्या बाजूने आपणही एक करायला हवं. बाक डुललं तर खिळा मारून, वर पुट्टी लावून ‘चलता है’ म्हणायचं नाही. सांधा सोडवायचा आणि पुन्हा करायचा. ही अट मार्किंग स्कीममध्ये घालता येत नाही, ती आपली आपणच घालायची असते.

आम्ही केलेलं बाक त्या शाळेत उभं आहे. एका टोकाला अजून एक बारीक चीर दिसते, पट्टीच्या एका खाचेत पाचर जरा जास्तच बाहेर आहे. मार्कांच्या हिशोबात ते काठावर पास झालं असतं. पण त्यावर रंधा मारला तर ते हलत नाही. बघा, पटतंय का!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह